खोलीला आकाश किती दिसतं?

फ्लॅटच्या जाहिरातीत कार्पेट एरिया चौरस मीटरमध्ये दिलेला असतो, तोही दशांश चिन्हापुढे दोन आकड्यांपर्यंत. महारेराचा नोंदणी क्रमांक असतो, पार्किंगचा हिशोब असतो, लिफ्ट किती आणि कोणत्या कंपनीच्या हेही असतं. उजेडाबद्दल मात्र एकच शब्द: 'भरपूर'. कोणत्या मजल्यावर भरपूर, खिडकीपाशी की आतल्या भिंतीपाशी, श्रावणातल्या दुपारी की मे महिन्यातल्या सकाळी, यातलं कोणी काही सांगत नाही आणि गंमत म्हणजे कोणी विचारतही नाही. ताबा मिळाल्यावर भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते, तेव्हा कळतं.

वास्तविक खोलीत दिवसा किती उजेड येईल, हे पाया खणण्याआधी, घर नुसतं कागदावर असतानाच काढता येतं. त्याची गणितं शंभरेक वर्षं वापरात आहेत आणि त्यातलं सर्वांत सोपं गणित शाळकरी मुलालाही जमेल असं आहे.

अडचण सुरू होते ती डोळ्यापासून. डोळा उजेडाचा फार वाईट साक्षीदार आहे. भर उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स प्रकाश पडतो; रात्री दिवे लावलेल्या आपल्या दिवाणखान्यात तो शंभर-दीडशे लक्सच्या आसपास असतो. हजारपटीचा फरक, पण दोन्हीकडे आपण आरामात वावरतो, कारण बाहुली लहानमोठी होते आणि पडदाही जुळवून घेतो. त्यामुळे रिकाम्या, नुकत्याच पांढरा रंग मारलेल्या फ्लॅटमध्ये पाच मिनिटं उभं राहून 'छान उजेड आहे हो' म्हणणं याला काही अर्थ नसतो. दुसरी अडचण अशी की बाहेरचा प्रकाश सतत बदलतो. ढग आला, गेला, की खोलीतले लक्स अर्ध्यावर येतात किंवा दुप्पट होतात. मग खोलीचा म्हणून एक आकडा सांगायचा कसा?

त्यावर तोडगा निघाला गुणोत्तराचा. आभाळ पूर्ण भरलेलं असताना बाहेर उघड्या गच्चीवर किती लक्स आणि त्याच क्षणी खोलीत टेबलाच्या उंचीवर किती, यांची टक्केवारी काढायची. बाहेर दहा हजार आणि आत दोनशे असतील, तर दोन टक्के. यालाच डेलाइट फॅक्टर म्हणतात. ढग दाट झाले तर दोन्ही आकडे बरोबरच उतरतात, टक्का साधारण तोच राहतो. म्हणजे तो हवेचा नाही, खोलीचा गुण झाला.

लंडनमध्ये या टक्क्याला थेट पैशांचं मोल होतं. तिथे १८३२ च्या कायद्यानुसार एखाद्या खिडकीला सलग वीस वर्षं उजेड मिळत आला असेल, तर तो अडवणाऱ्या शेजाऱ्याला कोर्टात खेचता येई. (आपल्याकडच्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातही वीस वर्षांचीच मुदत आहे, किती सोसायट्यांना ती ठाऊक आहे कोण जाणे.) पण 'उजेड कमी झाला' हे न्यायाधीशापुढे सिद्ध कसं करायचं? पर्सी वॉल्ड्रम नावाच्या सर्व्हेयरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खोल्याखोल्यांत मोजमापं घेतली आणि माणूस कुठे कुरकुर करायला लागतो तो बिंदू शोधला. त्याचं उत्तर होतं ०.२ टक्के. टेबलावरच्या त्या बिंदूला बाहेरच्या एकूण आकाशाच्या पाचशेव्या भागाइतका तरी थेट उजेड मिळायला हवा, त्याखाली लोक तक्रार करतात. खिडकीतून दिसणारं आकाश मोजण्यासाठी त्याने एक खास आलेखही तयार केला. त्यावर समोरच्या इमारतींची रेषा काढायची आणि तिच्या वर उरलेले चौकोन मोजायचे. इंग्लंडमधल्या उजेडाच्या खटल्यांत ही पद्धत पुढे कित्येक दशकं चालली.

वॉल्ड्रमच्या आलेखात खिडकीचं क्षेत्रफळ ही मुख्य गोष्ट नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवं. मुख्य गोष्ट आहे खिडकीतून दिसणारं आकाश. आपल्या बांधकाम नियमांनी मात्र सोपी वाट धरली. नॅशनल बिल्डिंग कोड सांगतो की खिडक्यांचं क्षेत्रफळ खोलीच्या जमिनीच्या अमुक हिश्श्याइतकं असावं: कोरड्या उष्ण हवेत एक दशांश, दमट उष्ण हवेत एक षष्ठांश. इमारतींमधलं अंतर किती हवं याचे नियम वेगळ्या कलमांत आहेत, पण उजेडाच्या नावाने तपासलं जातं ते हे अपूर्णांकाचं गणित. ते तपासायला सोपं आहे, म्हणूनच ते टिकलं असावं. पण एक षष्ठांशाची खिडकी समुद्राकडे उघडली काय आणि शेजारच्या इमारतीच्या पाइपांकडे उघडली काय, नियमाच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच.

मुंबईला हे पूर्वी चांगलं समजलेलं होतं. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. चाळींमधल्या काळोख्या, कोंदट खोल्या हे रोगाचं घर आहे असं मानून ट्रस्टने जुन्या वस्त्यांवर हातोडा चालवला. गरिबांची घरं पाडण्याचा तो इतिहास काही गौरवाचा नाही. पण त्यातून एक नियम आला, तो मात्र भूमितीच्या दृष्टीने पक्का होता: साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१० च्या आसपास त्याचा हिरिरीने प्रचार केला. समोरच्या इमारतीच्या पायथ्यापासून आपल्या इमारतीच्या माथ्यापर्यंत ओढलेली रेषा जमिनीशी ६३.५ अंशांहून उभी असता कामा नये. आकडा विचित्र वाटतो, पण त्या कोनाचं टॅन्जंट जवळजवळ दोन येतं. सरळ भाषेत, इमारतीची उंची मधल्या अंतराच्या दुपटीहून जास्त नको. हाच कोन लंडनच्या १८९४ च्या बांधकाम कायद्यातही होता, तिथूनच तो इकडे आला असणार. आपल्या आकाशासाठी तो नव्याने कोणी तपासला होता की नुसता उचलला होता, हा प्रश्न उरतोच. म्हणून तो आकडे घालूनच तपासू.

एक खोली घेऊ. तीन मीटर रुंद, चार मीटर लांब, उंची २.८ मीटर. जमीन १२ चौरस मीटर, म्हणून नियमाप्रमाणे खिडकी २ चौरस मीटर. चार भिंती, छत आणि जमीन मिळून आतला एकूण पृष्ठभाग सुमारे ६३ चौरस मीटर. ब्रिटिश संशोधकांनी रूढ केलेलं सूत्र असं आहे: काचेतून पार होणाऱ्या प्रकाशाचा हिस्सा, गुणिले काच किती स्वच्छ त्याचा हिस्सा, गुणिले खिडकीचं क्षेत्रफळ, गुणिले खिडकीच्या मध्यावरून उभ्या छेदात जेवढे अंश आकाश दिसतं तो कोन. याला भागायचं आतल्या पृष्ठभागाने आणि रंगाच्या एका घटकाने. साधी काच ०.८, धूळ-ग्रिल धरून आणखी ०.८, आणि मध्यम फिकट रंगासाठी तो शेवटचा घटक ०.७५.

समोर काहीच नसेल तर आकाश ९० अंश दिसतं आणि खोलीचा सरासरी टक्का येतो २.४४. आता समोर २१ मीटर उंच, म्हणजे सात मजली इमारत आणू आणि मधलं अंतर साडेत्रेसष्टच्या नियमाप्रमाणे निम्मं, साडेदहा मीटर ठेवू. तळमजल्याच्या खिडकीतून सुमारे २८ अंश आकाश उरतं. टक्का ०.७७. तीच इमारत आता तीन मीटरवर आणू. आकाश उरतं पावणेनऊ अंश. टक्का ०.२४.

आता हे आकडे ताडून पाहायला आपल्याकडची मानकं आहेत. भारतीय मानकांत दिवाणखान्यासाठी किमान ०.६२५ टक्के, अभ्यासाच्या खोलीसाठी १.९ आणि स्वयंपाकघरासाठी २.५ टक्के सांगितले आहेत. म्हणजे जुन्या ट्रस्टच्या नियमाने तळमजल्याचा दिवाणखाना काठावर का होईना पास होतो. तीन मीटरच्या फटीत तो सपशेल नापास. सातही मजल्यांचं गणित केलं तर फक्त वरचे दोन मजले पास होतात. पाचवी खोली ०.५९ वर, अगदी थोडक्यात, अडकते. सगळ्या खोल्यांच्या खिडक्या एक षष्ठांशच आहेत, कागदोपत्री सगळं चोख आहे.

(वाचकांतल्या इंजिनिअरांसाठी: हे सूत्र सरासरीचं आहे, मानकातला आकडा ठरावीक बिंदूचा असतो, आणि इतक्या अरुंद फटीत समोरच्या भिंतीवरून येणारा उजेड हे सूत्र नीट धरत नाही. तरीही पास आणि नापास यांच्यातलं अंतर त्याने पुसलं जात नाही.)

तीन मीटर हा आकडा कल्पनेतला नाही. मानखुर्द-गोवंडीतल्या पुनर्वसन वसाहतींत सात-आठ मजली इमारती जवळपास एवढ्याच अंतरावर उभ्या केल्या गेल्या. तिथे 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने केलेली पाहणी २०१८ मध्ये गाजली. दाटीने बांधलेल्या वसाहतींत क्षयाचं प्रमाण जास्त आणि त्यातही उजेड-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर ते अधिक, असा तिचा रोख होता. क्षय काही फक्त अंधाराने होत नाही. गर्दी, हवा न खेळणं, कुपोषण हे सगळं त्यात आलंच. पण ज्या फटीतून उजेड येत नाही, तिच्यातून वाराही येत नाही. प्लेगनंतर सव्वाशे वर्षांनी त्याच शहरात ही पाहणी करावी लागली.

आता आकाशाचं. वर जो 'पूर्ण भरलेलं आभाळ' हा आधार घेतला, तो युरोपातला आहे. अशा आभाळाचं गणिती रूप मून आणि स्पेन्सर या अमेरिकन संशोधकांनी १९४२ मध्ये मांडलं: डोक्यावरचं आभाळ क्षितिजापेक्षा तिप्पट तेजस्वी. पुढे १९५५ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झालं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हे बऱ्यापैकी लागू पडतं. पण नोव्हेंबर ते मे निरभ्र आकाश असतं, आणि त्याची रीत उलटी. सूर्याभोवती प्रखर, क्षितिजाकडे धुळीने पांढुरकं आणि उजळ, तर सूर्यापासून काटकोनात दूर असलेला भाग गडद निळा, म्हणजे सर्वांत कमी तेजस्वी. हिवाळ्यातल्या सकाळी फटीतून दिसते ती डोक्यावरची चिंचोळी निळी पट्टी नेमकी त्या गडद भागातली असते. दिसायला सुरेख, उजेड देण्यात कंजूष.

रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेत हे ओळखून भारतीय निरभ्र आकाशाचा अभ्यास झाला आणि त्यातून आय. एस. २४४० हे मानक उभं राहिलं. त्यात सूर्य क्षितिजापासून १५ अंश वर असतानाचं स्वच्छ आकाश आधाराला घेतलं आहे, सूर्याचं थेट ऊन वगळून. बाहेरचा प्रकाश ८,००० लक्स धरायचा, म्हणजे एक टक्का बरोबर ८० लक्स. कामाच्या वेळेत बहुतेक तास बाहेर याहून जास्तच उजेड असतो. पुढे बिल्डिंग कोडने हवामानाप्रमाणे आकडे वेगळे केले. दमट उष्ण भागासाठी, म्हणजे मुंबई-कोकणासाठी, ९,०००. आपल्या तीन मीटरच्या फटीतल्या खोलीला त्या हिशोबाने २१ लक्स मिळतात. वाचायला साधारण तीनशे लागतात.

स्वयंपाकघराला दिवाणखान्याच्या चौपट उजेड हवा, हे मानकातलं शहाणपण मला फार आवडतं. विळी-सुरी, तापलेलं तेल, डाळीतले खडे, सगळी बारीक नजरेची कामं तिथेच. आणि आपल्या फ्लॅटांत स्वयंपाकघर कुठे असतं? ड्राय बाल्कनीच्या मागे, डक्टकडे तोंड करून. दर्शनी भिंत दिवाणखान्याला आणि मास्टर बेडरूमला, कारण घर विकलं जातं ते त्यांच्यावर.

खोलीत उजेड तीन वाटांनी येतो: थेट आकाशाकडून, समोरच्या भिंतीवर आपटून, आणि आत आल्यावर छत-भिंती-फरशीवर उसळ्या घेत. खिडकीपासून दूर गेलं की पहिली वाट बंद होते. आकाशाचा शेवटचा तुकडा जिथे दिसेनासा होतो, तिथे नकाशावर एक रेषा काढतात. तिच्यामागची जागा कितीही मोठ्या खिडकीने उजळत नाही. साधा ठोकताळा असा की खिडकीच्या वरच्या कडेची उंची जेवढी, त्याच्या दीड-दोन पट खोलीपर्यंत उजेड कामाचा. म्हणून खिडकी रुंद करण्यापेक्षा ती छताकडे उंच नेणं फायद्याचं. आपण नेमकं उलट करतो: बीमखाली दीड-दोन फूट सोडून खिडकी, वर पेल्मेट, त्याला जाड पडदा.

तिसऱ्या वाटेचं महत्त्व आकड्यांत पाहा. वरच्याच सूत्रात भिंतींचा रंग आणखी फिकट केला तर टक्का साधारण सतरा टक्क्यांनी वाढतो. गडद सागवानी पॅनेल आणि काळी फरशी घातली तर तेवढाच घटतो. अरुंद गल्लीत तर समोरच्या इमारतीचा रंग हाच तुमचा दिवा. पण तो निवडायचा अधिकार समोरच्यांकडे असतो.

छतातून येणाऱ्या उजेडाची गोष्टच वेगळी. भरल्या आभाळाखाली उभ्या भिंतीवर, समोर काही अडथळा नसला तरी, सपाट छताच्या जेमतेम चाळीस टक्के प्रकाश पडतो. कोकणातल्या कौलारू घरात माजघराच्या वर एखादं काचेचं कौल बसवतात, त्यामागे हेच आहे. वीतभर काच, पण ती आकाशाकडे तोंड करून असते. दुपारी तिचा कवडसा जमिनीवरून सरकत जातो आणि बाकी माजघर गार राहतं. वाड्याचा चौक हाही याच कुळातला, फक्त तिथे उंची आणि रुंदीचं प्रमाण सांभाळावं लागतं, नाहीतर त्याचा डक्ट होतो.

एवढी गणितं नको असतील तर पुठ्ठ्याचं मॉडेल करा. उष्णता किंवा वारा यांच्या प्रयोगात छोट्या मॉडेलचे निकाल मोठ्या इमारतीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. प्रकाशाचं तसं नाही. त्याची तरंगलांबी इतकी सूक्ष्म, की वीसपट लहान खोलीतही तो खऱ्या खोलीसारखाच वागतो. अट एवढीच की आतले रंग खरे हवेत आणि सांध्यांतून उजेड झिरपता कामा नये. (पुठ्ठ्याच्या कडांना काळी टेप लावायला विसरलं की टक्का चमत्कारिक वाढतो.) ढगाळ दिवशी मॉडेल गच्चीवर न्यायचं, एक लक्समीटर आत, एक बाहेर, दोन्ही एकाच वेळी वाचायचे. प्रयोगशाळांत यासाठी आरशांच्या भिंतींची खोली बांधून कृत्रिम आभाळ तयार करतात. मोबाइलमधलं लक्सचं अॅप दोन जागांची तुलना करायला ठीक, पण त्याच्या आकड्यावर भांडू नये.

आता अर्थातच संगणक आहे. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ग्रेग वॉर्ड यांनी १९८० च्या दशकात 'रेडियन्स' नावाची प्रणाली लिहायला घेतली. आज वास्तुविशारद वापरतात त्यातल्या बऱ्याच सॉफ्टवेअरच्या पोटात तीच असते. तिची युक्ती उलटी आहे. सूर्याकडून निघालेले किरण मोजत बसलं तर त्यातले बहुतेक खोलीत येतच नाहीत. म्हणून टेबलावरच्या बिंदूपासून मागे जायचं: इथे येणारा किरण कोणत्या भिंतीवरून आला, त्याआधी कुठून, आणि शेवटी आकाशाच्या कोणत्या तुकड्यातून. पीटर ट्रेगेन्झा यांच्या मांडणीप्रमाणे आकाशाचे १४५ तुकडे करतात. प्रत्येक तुकडा त्या बिंदूला किती उजेड देतो हे एकदा काढून ठेवलं, की मग वर्षातल्या कोणत्याही तासाचं आकाश त्यावर बसवता येतं. शहराच्या हवामानाची फाइल घ्यायची आणि ८,७६० तासांतले दिवसाचे सगळे तास मोजून टाकायचे.

त्यामुळे प्रश्नच बदलला. 'ढगाळ दिवशी किती टक्के' याऐवजी 'वर्षातले किती तास कामापुरता उजेड' असं विचारता येऊ लागलं. नबील आणि मार्दाल्येविच या संशोधकांनी २००५ मध्ये १०० ते २,००० लक्स हा उपयुक्त पट्टा सुचवला. शंभराखाली दिवा लावावा लागतो, दोन हजारांवर डोळे दिपतात आणि माणूस पडदा ओढून दिवा लावतो. भारताच्या २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने कार्यालयांसारख्या इमारतींसाठी हाच पट्टा घेतला आहे.

वरची मर्यादा आपल्या देशात खालच्याइतकीच महत्त्वाची. डेलाइट फॅक्टरमध्ये ऊन धरलेलंच नसतं, त्यामुळे पश्चिमेची आणि उत्तरेची खिडकी त्याला सारखीच. प्रत्यक्षात पश्चिमेचं तिरपं ऊन संध्याकाळी चारला थेट संगणकाच्या पडद्यावर येतं, आणि त्याला आडवा छज्जा थोपवू शकत नाही. तिथे उभी फळी किंवा झडप हवी. दक्षिणेला मात्र छज्जा छान काम करतो, कारण मुंबईत डिसेंबरातही दुपारचा सूर्य सत्तेचाळीस अंशांवर असतो. आणि 'उत्तरेला ऊन नाही' हे इंग्रजी पुस्तकातलं वाक्य इथे अर्धवटच खरं: मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य मुंबई-पुण्याच्या उत्तरेला असतो. काचेच्या चकचकीत ऑफिस टॉवरांनी यावर काढलेला उपाय म्हणजे काळपट परावर्तक काच. ऊन थांबतं, उजेडही थांबतो, आणि चारही बाजूंनी काच असलेल्या इमारतीत दिवसभर दिवे जळतात.

सर्वांत जास्त गरज या हिशोबाची आज पुनर्विकासात आहे. तीन-चार मजली इमारतीच्या जागी वीस मजली येते, तेव्हा शेजारच्या जुन्या इमारतीचा टक्का किती उतरला हे कोणी काढत नाही. मुंबईत बाजूच्या मोकळ्या जागेतली कमतरता प्रीमियम भरून माफ करून घेता येते, आणि त्या प्रीमियमचा दर उजेडावर ठरत नाही, जमिनीच्या भावावर ठरतो. मंजुरीसाठी दिलेल्या नकाशातल्या छेदचित्रात समोरच्या इमारतीचं अंतर आणि उंची बहुधा सापडते. उंचीला अंतराने भागून उत्तर दोनच्या पुढे गेलं, तर घर घेणाऱ्याने खालच्या मजल्यांचे टक्के वास्तुविशारदाकडे मागावेत. ज्या सॉफ्टवेअरवर त्याने इमारतीची चकचकीत चित्रं काढलेली असतात, त्यातल्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये हे गणितही होतं.